सर्वज्ञांनी बसवलेली काच

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी सर्वज्ञ म्हणते. तोंडावर नाही, तेवढी जनाची लाज मला आहे. त्यांचं नळ, बेसिन, टाइल्सचं दुकान आहे. बाथरूममधलं कळतं म्हणजे जगातलं सगळंच कळतं, असा त्यांचा ठाम समज. असा उंटावरचा शहाणा प्रत्येक घरात एखादा असतो म्हणा, पण आमचा जरा जास्तच उंच उंटावर बसलाय.

बहीण गाडी चालवायला शिकवते. एकच गाडी, तिच्या पायाशी जादा ब्रेक बसवलेला. बायका लांबलांबून तिच्याकडे येतात, कारण ती कुणावर ओरडत नाही. दुसरी गाडी घ्यायची म्हणून तिने शिकवणीचे पैसे साठवले होते. त्या गाडीवर शिकवायला एक मुलगीही हेरून ठेवली होती. फक्त गाडीचा बयाणा भरायचा बाकी होता.

आता हिच्या गाडीचा विमा. सर्वज्ञांनी नुसता थर्ड पार्टी उतरवला. म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरणार, आपलं झालं तर आपण आणि आपलं नशीब. वर म्हणाले, तू इतकी सांभाळून चालवतेस, मग उगाच कंपनीची धन कशाला करायची? आणि आमची येडी खूश, नवऱ्याने कौतुक केलं म्हणून.

एका ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि समोरच्या काचेचा डाळीएवढा टवका निघाला. काचवाला म्हणाला, आत्ताच भरून घ्या, किरकोळ काम आहे, पुढे तडा जाईल. सर्वज्ञ हसले. दुकानातली गोंदाची ट्यूब आणली आणि थापली त्यावर. आठवडाभरात, उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत बसला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली.

झालं, आता अख्खी काच बदलणं आलं. तीही आरशामागे रस्त्यावर नजर ठेवणारा कॅमेरा असलेली. काच, मजुरी, कॅमेरा पुन्हा जुळवून घेणं, असं सगळं मिळून काचवाल्याने आकडा सांगितला, तो बहिणीने दोनदा विचारून घेतला. सर्वज्ञ म्हणाले, चोर आहेत सगळे. मग भंगारातून जुनी काच उचलून आणली आणि बेसिनच्या कडेला लावतात ते सिलिकॉन लावून सुट्टीच्या दिवशी स्वतः बसवली. मी विचारलं, बेसिन कधी रस्त्यावर पळतं का? तर बहीणच मला म्हणाली, "ताई, त्यांना काही बोलू नकोस. माझ्यासाठीच करतायत ना." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

दोनच दिवसांनी मी मागच्या सीटवर होते, बाजारात सोडते म्हणाली म्हणून. शाळेतल्या एक बाई गाडी शिकत होत्या. कुत्रं आडवं आलं, बहिणीने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, काच थांबली नाही. सिलिकॉनसकट सुटली आणि बॉनेटवरून घसरत रस्त्यात जाऊन पडली. बाई स्टिअरिंग धरून रडायला लागल्या. बहीण पांढरीफटक. तिने नवऱ्याला फोन लावला. कुणाला लागलं का, एवढं तरी विचारावं की नाही माणसाने? फोनमधून मला स्वच्छ ऐकू आलं, "काच फुटली का? नसली तर उचलून ठेव, परत लावता येईल."

गाडी ओढून काचवाल्याकडे नेली. सर्वज्ञही आले. चेहऱ्यावर लाज म्हणाल तर नखभर नाही. काचवाल्याने विम्याचा कागद मागितला, त्यांनी मोबाइल पुढे केला. तो वाचून म्हणाला, "अहो, हा तर पूर्ण विमा आहे, काचेसकट. तुम्हाला काहीच भरावं लागणार नाही." मग त्याने गाडीचा नंबर ताडून पाहिला. घाईत भलताच कागद उघडला होता. तो विमा सर्वज्ञांच्या स्वतःच्या गाडीचा होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे मी ऐकून होते, पण इथे दुसरी म्हणजे सख्खी बायको.

दुसऱ्या गाडीसाठी ठेवलेल्या पैशांतून बहिणीने नव्या काचेचे पैसे भरले. बयाण्यापुरतंही उरलं नाही. आणि सर्वज्ञ तिची समजूत घालायला लागले. "एका अर्थी बरंच झालं बघ. दुसऱ्या गाडीचं खूळ तरी डोक्यातून गेलं."

तिने त्यांच्यापुढे हात केला.

"तुमच्या गाडीची चावी द्या."

"कशाला?"

"जादा ब्रेक बसवून घेते. सोमवारपासून ती मुलगी तुमच्याच गाडीवर शिकवेल. तुम्ही दुकानात बसने जा."

सर्वज्ञांनी माझ्याकडे पाहिलं, मी तिला समजावेन या आशेने. मी काचवाल्याला विचारलं, जादा ब्रेक कुठे बसवून मिळतो. मग ते खिसे चाचपायला लागले, चावी हातात असूनसुद्धा. ती तशीच हात पुढे करून उभी राहिली.