मावशींचं सरळ अक्षर

त्रेसष्ट वर्षांत जी चूक एकदाही झाली नव्हती ती मावशींच्या हातून झाली हे एका मंगळवारी उघडकीला आलं, आणि घरात नुसता हलकल्लोळ माजला. मावशींनी शिक्का सरळ कोरला.

शिक्का सरळ कोरला तर बिघडलं कुठे, असं ज्यांना वाटतं त्यांनी शिक्का कधी उलटा करून पाहिलेला नाही. रबरावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात. मावशींनी अकराव्या वर्षी वडिलांच्या दुकानात कोरणी हातात घेतली ती आजतागायत. गल्लीच्या टोकाला त्यांची ती एक खोली: खिडकीपाशी उतरतं टेबल, त्यावर भिंग, रबराचे तुकडे, शाईची पॅडं, आणि भिंतभर जुन्या शिक्क्यांचे ठसे. हल्ली यंत्रावर पाच मिनिटांत शिक्का मिळतो, तरी हातानं कोरलेलाच हवा म्हणून हटून बसणारी गिऱ्हाइकं अजून शिल्लक होती. अख्खी गल्ली त्यांना शिक्केवाल्या मावशी म्हणायची. खरं नाव आठवायला आता मलाही जरा वेळ लागतो, असा विनोद त्या करायच्या. अलीकडे करत नव्हत्या.

तो शिक्का होता शाळेच्या ग्रंथालयाचा. ग्रंथपालबाई चष्मा घरी विसरून आल्या होत्या, त्यामुळे त्यांनी दोनशे अकरा पुस्तकांवर तो धडाधड मारला आणि मगच कुणाच्या तरी लक्षात आलं. ‘ग्रंथालय’च्या जागी पानापानावर ‘यलाथग्रं’ उमटलं होतं. पोरांना काय, आयतं कोलीत मिळालं. हे कुठल्यातरी राक्षसाचं नाव आहे असं चौथीच्या वर्गानं ठरवून टाकलं, आणि मधल्या सुट्टीत यलाथग्रं यलाथग्रं करत मैदान डोक्यावर घेतलं.

शाळेनं शिक्का परत पाठवला, सोबत गोड शब्दांची चिठ्ठी. मावशींनी तो हातात घेतला, भिंगाखाली धरला. अक्षरं किती सुबक होती! शिरोरेषा सरळ, ‘ग्र’ची वळणं रेखीव. आणि सगळी सरळ. हात कापला असता तरी त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं.

त्यांची नणंद, म्हणजे त्यांच्या वन्सं, वरच्या दोन खोल्यांत त्यांच्यासोबतच राहायच्या. वन्सं शाळेतल्या निवृत्त बाई. लग्न केलं नाही, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं काढल्या. भाऊ गेल्यावर नणंद-भावजयीचं जे मेतकूट जमलं ते पाहून शेजारणी चकित व्हायच्या. एरवी कुणाची चूक दिसली की वन्संना कंठ फुटायचा. या शिक्क्याबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्या वर जाऊन शब्दकोडं सोडवत बसल्या आणि तेही चुकलं.

बोलली ती मावशींची लेक. लेक दहा मिनिटांच्या अंतरावर राहायची, वय बावन्न, स्वभावानं प्रेमळ आणि चिंतेच्या बाबतीत अव्वल. तिच्याकडे यादीच तयार होती. मागच्या महिन्यात चहाचं भांडं जळलं. त्याच्या मागच्या महिन्यात किल्ली कुलपातच राहिली. आणि आता हे.

“आई, हे वयाचं लक्षण आहे. मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, शुक्रवारची. त्या म्हणाल्या सगळं ठीक आहे, तर तू खुशाल शंभर वर्षं कोर. पण तसं नसेल तर खोलीला कुलूप, आणि तुम्ही दोघी माझ्याकडे. आमची ती मागची खोली रिकामीच आहे.”

“आणि तिथे मी काय करू?”

“आराम!”

लेकीनं हा शब्द असा उच्चारला की जणू बक्षीसच. मग तिनं टेबलावरची कोरणी उचलली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. “शुक्रवारपर्यंत माझ्याकडे राहू दे. हाताला लागलं-बिगलं तर?”

मावशींनी तिला अडवलं नाही, कारण खरी भीती त्यांनाच वाटत होती. तीन दिवस त्या रिकाम्या टेबलापाशी बसून राहिल्या. बोटं आपली रबरावर फिरत होती. कोरणी गेली तर आपण कोण, हे त्यांना खरंच सांगता आलं नसतं.

शुक्रवारी तिघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, आणि घाई नसल्यासारख्या बोलत होत्या, त्यामुळे मावशींना अर्धं बरं तिथेच वाटलं. वन्संना एका अटीवर आत बसू दिलं: उत्तरं सांगायची नाहीत. ही अट त्यांना फार जड गेली.

“आजी, मी पाच शब्द सांगते, नंतर विचारेन. चमचा, छत्री, बदक, खिडकी, लिंबू.”

मावशींनी ते म्हणून दाखवले. मग शंभरातून सात वजा, परत सात वजा. मावशी त्र्याण्णव, शहाऐंशी करत धडाधड खाली उतरू लागल्या. वन्संच्या ओठांची नुसती हालचाल चालली होती. मग वार, तारीख, महिना झाला. तारीख एका दिवसानं चुकली. लेकीनं पर्सचा पट्टा घट्ट धरला.

“आता एक घड्याळ काढा. सगळे आकडे घाला, आणि काटे तीन वाजून पाच मिनिटांवर दाखवा.”

मावशींनी पेन्सिल घेतली. कागद टेबलावर सपाट पसरला, नाक खाली नेलं, जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली. आता परीक्षा म्हटल्यावर नीट, मन लावून काढायला हवं. त्यांनी एका फटक्यात गोल काढला, असा गोल की डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. मग आकडे. मग काटे. कागद त्यांनी अभिमानानं पुढे सरकवला.

डॉक्टरीणबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. घड्याळ उलटं होतं. एकच्या जागी अकरा, तीनच्या जागी नऊ, आणि प्रत्येक आकडाही पाठमोरा. लेकीनं ते बघितलं मात्र, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“मी बोलू?” वन्संनी विचारलं, आणि परवानगीची वाट न बघता त्या उठल्याच. त्यांनी कागद उचलला, खिडकीच्या काचेवर पालथा धरला. मागून उजेड आला. काचेवर एक देखणं, बिनचूक घड्याळ दिसू लागलं, तीन वाजून पाच मिनिटं.

“हिनं त्रेसष्ट वर्षं शिक्के कोरलेत, डॉक्टर. टेबलावर वाकून मन लावून काही काढायला सांगाल तर ही उलटंच काढणार! घाईत काढायला सांगितलं असतं तर सरळ काढलं असतं.”

डॉक्टरीणबाई कागदाकडे बघत राहिल्या आणि मग खो-खो हसायला लागल्या. “मी आजवर शेकड्यांनी घड्याळं पाहिली. छापून घ्यावं असं हे पहिलंच.”

लेक मात्र हसली नाही. तिनं डोळे पुसले आणि नेमक्या जागी बोट ठेवलं.

“ठीक आहे आत्या, उलटं काढायची हिला सवय आहे. मग शाळेचा शिक्का सरळ कसा कोरला?”

मावशी आपल्या चपलांकडे बघू लागल्या. वन्संना एकाएकी भिंतीवरच्या तक्त्यात फार रस वाटू लागला. चोरी पकडली गेलेल्या शाळकरी पोरी अशाच बसतात.

“बरं, ते नंतर बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ते पाच शब्द?”

“चमचा, छत्री, खिडकी, लिंबू.” मावशी थांबल्या. छताकडे बघितलं, वन्संकडे बघितलं. वन्संनी इमानदारीत डोळे मिटून घेतले. “एक राहिला. नाही आठवत.”

“हरकत नाही. आता शेवटचं. एक वाक्य लिहा, तुमच्या मनात येईल ते.”

“आईला नका सांगू लिहायला,” लेक हळू आवाजात म्हणाली. “तिला लिहिता येत नाही, म्हणजे वाचता येतं सगळं, पण पेन धरलं की अर्धी अक्षरं उलटी पडतात. घरातलं लिखाण बाबा नाहीतर आत्या करायची. माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा आई सही करायची नाही. शिक्का मारायची, ‘पाहिले’ म्हणून.”

पण मावशींनी पेन्सिल उचलली होती. या खेपेला त्यांनी नाक खाली नेलं नाही. पाठ ताठ केली, कागद जरा तिरपा धरला, आणि ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत लिहू लागल्या. बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही. लिहून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला.

“‘माझी लेक माझी कोरणी पर्समध्ये घालून बसली आहे. ती परत द्यायला सांगा.’” त्यांनी वर बघितलं. “आजी, मी एकच वाक्य सांगितलं होतं.”

लेकीनं कागद जवळजवळ हिसकावलाच. गोल, टपोरं, सरळ अक्षर. कुठेही काना इकडचा तिकडे नाही. तिनं आईकडे बघितलं, मग कागदाकडे, मग आत्याकडे.

“हे कधीपासून?”

“चार महिने झाले,” वन्संनी अखेर कबुली दिली. “रोज दुपारी चार ते पाच. कित्ता गिरवते माझ्याकडे. पहिले दोन महिने ‘क’सुद्धा पाठमोरा काढायची, मी वैतागले होते. आता बघ! चहाचं भांडं जळलं ना, तेव्हा आमचे ‘ज्ञ’ चालले होते. भांडं मीच ठेवलं होतं गॅसवर, आणि वास आला तरी उठायचं सुचलं नाही, असा रंग चढला होता.”

“मग सांगितलं का नाहीस, आई?”

“लाज वाटते गं,” मावशी म्हणाल्या. “चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाटीपेन्सिल!”

डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढे सरकल्या. “थांबा, थांबा. म्हणजे चार महिने हात सरळ लिहायला शिकतोय, आणि एके दिवशी शिक्का कोरतानाही तो सरळच वळला. अहो, ही विसरण्याची चूक नाही, ही शिकण्याची चूक दिसते! कोरायचं तर तुम्हाला झोपेतही येतं, त्याला डोकं फारसं लागत नाही. जे येत नाही ते शिकताना मेंदूला खरा व्यायाम होतो. कोडी सोडवणं वाईट नाही, पण रोज तीच ती सोडवली तर...” त्यांनी वन्संकडे बघितलं. वन्संनी नाक मुरडलं.

मग त्यांनी स्पष्टच सांगितलं. चारच शब्द आठवले, तारीख हुकली, या वयात एवढं चालतं. वर्षानं पुन्हा तपासू. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, रोज पायी फिरायचं, झोप पुरती घ्यायची, माणसांत राहायचं. काम बंद करायचं काही कारण त्यांना दिसत नव्हतं. “फक्त एक करा. शिक्का गिऱ्हाइकाला देण्याआधी एकदा कागदावर मारून बघा.”

“ते मी मंगळवारीच ठरवलंय,” मावशी म्हणाल्या.

लेकीनं पर्स उघडली. रुमाल सोडला, कोरणी आईच्या तळहातावर ठेवली आणि वर आपला हात ठेवून तशीच बसली. मावशींनी कोरणीची मूठ बोटांनी चाचपली आणि त्यांच्या जिवात जीव आला. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तिथेच उठून गिरकी घ्यावी असं वाटलं, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.

रस्त्यावर आल्यावर वन्सं फळवाल्याकडे संत्री निवडायला थांबल्या. मायलेकी कडेला सावलीत उभ्या राहिल्या.

“आई, पण एकदम लिहायला का शिकावंसं वाटलं?”

“आयुष्यभर अख्ख्या गावाला त्यांची नावं कोरून दिली. तुला मात्र स्वतःच्या हातानं एक ओळ कधी लिहून दिली नाही. तुझ्या प्रगतिपुस्तकावर शिक्का मारला की तू तो अंगठ्यानं झाकून न्यायचीस. मला दिसायचं. म्हटलं, एक पत्र तरी लिहावं लेकीला, धड अक्षरात.”

लेकीनं आईची बाही धरली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी. मग नाक ओढून म्हणाली, “दे की मग. लिहिलं असेल तेवढं दे.”

“छे! अजून जोडाक्षरं नीट पडत नाहीत. दोन महिने थांब.”

“मला चालतील वाकडी.”

“तुला चालतील गं. मला नाही चालत. पोस्टानं पाठवीन.”

“आई, मी दहा मिनिटांवर राहते!”

“म्हणून काय झालं? पत्र म्हटलं की ते पोस्टानंच यायला हवं.”

लेकीच्या घराला पत्रपेटी नव्हती. त्यांच्याकडे पत्रं येतच नसत. शनिवारी तिनं एक पेटी आणली आणि नवऱ्याकडून फाटकाला ठोकून घेतली. दोन महिने व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी रविवारी सकाळी, चहा हातात तसाच घेऊन, ती पेटी उघडून बघायला खाली उतरली.