या घरात बेकार कोणी नाही

सकाळपासून कार्मिनबायने ओटा तीनदा झाडला, तरी तिला तिथे घाण दिसतच होती. खरी घाण तिच्या मते खुर्चीवर होती. तिचा धडधाकट लेक प्लासिड, इस्त्रीची पँट घालून, भर कामाच्या वेळी बसला होता. नुसता.

"वाडीतली केळी बघतायत तुझ्याकडे," ती म्हणाली. "विचारतायत, याला काय दुखणं आलं."

"आये, क्लेमेंटने बजावलंय. साहेब येऊन जाईपर्यंत हात काळे करायचे नाहीत."

क्लेमेंट तिचा भाचा, माणिकपूरला बँकेत शिपाई. शिकलेल्या बेकार पोरांना धंद्यासाठी कर्ज द्यायचं सरकारने काढलं होतं, आणि पोरगा खरंच बेकार आहे ना, हे बघायला बँकेचा साहेब आज इथे नंदाखालला घरी यायचा होता. प्लासिडने आयटीआय केलं, मुंबईच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून राबला, आणि शिकून झाल्यावर कारखान्याने त्याला घरी धाडला. आता त्याला पंप-मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. कर्ज मिळालं तर दुकान, नाही तर मस्कत. पासपोर्ट येऊन कपाटात पडला होता. तेव्हापासून कार्मिनबायला ते कपाट उघडवत नव्हतं. तिची लुगडी दोरीवरच राहायची.

पण बेकार हा शब्दही तिच्या घशाखाली उतरत नव्हता. "तुझा आजा मेला त्या दिवशीसुद्धा पाटाचं पाणी वळवून आला," ती पुटपुटली. "आणि नातू बसलाय सरकारला रिकामे हात दाखवायला."

तेवढ्यात शेजारच्या वाडीतून हरिभाऊंची हाक आली. "कार्मिनबाय, मोटर बंद पडली. केळी सुकतायत. प्लासिड आहे का?"

प्लासिडने मान हलवली. नाही म्हण.

"आहे की," तिने ओरडून सांगितलं. "खुर्ची उबवत बसलाय. पाठवते."

"आये, साहेब..."

"साहेब लोक ऊन चढल्याशिवाय हलत नाहीत. जा आणि ये."

तो कुंपण ओलांडून गेला नाही तोच दारात स्कूटर थांबली. साहेब वयाने पोरसवदा, देशावरचा, घामाने निथळलेला. कार्मिनबायने त्याला त्याच खुर्चीत बसवलं आणि शहाळं फोडून दिलं.

"मुलगा कुठे आहे?"

"हरिभाऊंची मोटर बंद पडलीय, ती बघायला गेलाय."

"म्हणजे दुरुस्तीची कामं करतो?"

"करतो म्हणजे? अर्ध्या गावाच्या मोटारी त्याच्या हातावर चालतात. वर आमचं शिंपण आहे, केळीची लोंगरं उतरवायची आहेत. त्याला पाठ टेकायला वेळ नाही. बेकार बघायचे तर नाक्यावर जा साहेब, पत्ते कुटत बसलेत. या घरात बेकार कोणी नाही."

साहेबाने पेनला टोपण लावलं. "मग चांगलंच आहे," तो म्हणाला. स्कूटर चर्चच्या वळणाआड जाईपर्यंत तिलाही ते चांगलंच वाटत होतं.

प्लासिड आला तो कोपरापर्यंत काळा, हातात हरिभाऊंनी दिलेली केळ्यांची फणी. त्याने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. बराच वेळ साबणाने हात घासत राहिला.

"तू खोटं काहीच बोलली नाहीस," शेवटी म्हणाला, आणि कपाट उघडून पासपोर्ट खिशात घातला. "अर्नाळ्याचा ज्युलियस मस्कतला चाललाय. उद्या दुपारी सायकलने जाऊन त्याला गाठतो, तो एजंटकडे नेईल."

रात्रभर ती कुशी बदलत राहिली. उजाडल्यावर ठेवणीतलं लाल लुगडं नेसली आणि एसटीने माणिकपूर गाठलं.

बँकेत बाकावर नेमकी गावातली रिटा टीचर बसलेली. तिला सांगितलेली गोष्ट चर्चच्या मिस्साआधी सगळ्या गावाला ठाऊक व्हायची. कार्मिनबाय साहेबाच्या टेबलापुढे उभी राहिली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "माझा प्लासिड बेकार आहे."

"काय म्हणालात मावशी? पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही."

मग तिने वाडीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायचा आवाज काढला. "माझा लेक बेकार आहे."

रिटा टीचरने चष्मा वर केला.

"काल तर तुम्ही..." साहेब म्हणाला.

"काल मी फुशारकी मारली. मोटारी करतो, पण एक पैसा मिळत नाही. फणी देतात, कोणी नारळ देतात. शेजाऱ्याकडून पैसे घेतलेले मला खपत नाहीत. आमच्यात तशी रीत नाही."

साहेब विचारात पडला. "मग दुकान टाकलं तरी गिऱ्हाईक हेच ना, शेजारी? हप्ता म्हणून बँकेत काय भरणार, फण्या?"

कोपऱ्यात क्लेमेंट हसला. तिने बघितल्यावर थांबला. आयुष्यभर तिने कोणाचं उत्तर उधार ठेवलं नव्हतं. आज पदर आवळत एवढंच म्हणाली, "परत याल का?"

"शुक्रवारी तुमच्या बाजूला आहे. बघतो. आज काही कबूल करत नाही."

एसटीतून उतरून ती घरी गेली नाही. हरिभाऊंच्या वाडीत शिरली. मोटर झकास चालू होती, पाटातून पाणी खळखळत होतं.

"हरिभाऊ, कालच्या कामाची मजुरी द्या."

ते हसले. "मस्करी करता होय? तुमच्या यजमानांनी आणि मी एका रहाटावर बैल हाकलेत."

"हाकलेत. तरी द्या."

हसू मावळलं. परगावचं कोणी दारात यावं तसे ते तिच्याकडे बघू लागले. आतून आनंदीबाई पिकलेली फणी घेऊन आल्या, पायरीवर ठेवली.

"केळी नकोत, आनंदीबाई." तिचे कान तापले होते. "तो मस्कतला गेला तर तुमची मोटर कोणाला बोलावून कराल, हरिभाऊ? त्या परक्याला जे द्याल तेच माझ्या पोराला द्या."

हरिभाऊ आत गेले. आनंदीबाईंनी खुर्ची सरकवली. कार्मिनबाय बसली नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. कुंपणापलीकडे तिच्या ओट्याला प्लासिडची सायकल अजून टेकलेली दिसत होती, आणि हरिभाऊंना पाकीट सापडायला फार वेळ लागत होता.