मी न सांगितलेला आकडा

मी एक जुनी टेम्परेचर गन आहे. दचकू नका मित्रांनो, माझ्यात गोळी नसते. तापलेल्या वस्तूवर रोखून माझा घोडा दाबला, की ती किती तापली आहे ते मी पाठीवरच्या काचेत दाखवते. पण कोणी घोडा दाबलाच नाही, तर शेजारी आग लागली तरी मला बोलता येत नाही. हे माझं जन्माचं दुखणं आहे.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी मोठमोठ्या यंत्रांचा ताप बघत असे. कारखाना बंद पडला तेव्हा तिथे कामाला असलेल्या केतनने साहेबांना विचारून मला घरी आणलं. त्याचं घर कोपरखैरण्याजवळ, खाडीकाठच्या गावात. वडील पंढरीबाबा मासे धरायचे आणि आई गोजरा ते बाजारात विकायची. सगळं घर एका फायबरच्या होडीवर चालायचं. गावापुढची खाडी गाळाने भरल्यामुळे होडी ट्रेलरवर चढवून, टेम्पोला जोडून लांबच्या जेट्टीवर न्यावी लागे. तिथे होडी उतरवताना ट्रेलरची चाकंही खाऱ्या पाण्यात बुडत. पाणी आत शिरलं की बेअरिंगमधलं ग्रीस खराब होई आणि रस्त्यात चाक तापे. फारच तापलं तर बेअरिंग जाम होऊन चाक निखळतं. म्हणून पंढरीबाबा वाटेत थांबून पालथा हात चाकाच्या मध्यावर टेकवून बघत. त्यांच्या बोटांवर चटक्यांचे डाग होते.

पहिल्याच फेरीत मी एक चाक पकडून दिलं. एक चाळीस अंश, दुसरं नव्वद! उघडून बघितलं तर ग्रीसचं पार ताक झालं होतं. पंढरीबाबांनी मला कपाळाला लावलं.

"आजपास्नं हिचाच शबद," ते म्हणाले.

खंडेनवमीला वल्ह्याशेजारी मांडून गोजराआईने मला हळदकुंकू वाहिलं. खोटं कशाला सांगू, मी जरा फुगलेच. वाटेत थांबून दोन्ही चाकं मोजायची आणि दोन्ही गार असतील तरच पुढे जायचं, हा घरचा नियम झाला.

पुढे बाबांचे गुडघे गेले. ते टेम्पोत बसून राहू लागले आणि मोजायचं काम केतनकडे आलं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. होडीला नवा रंग दिला होता, पुढच्या टोकाला झेंडूची माळ होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पो कडेला घेऊन केतन खाली उतरला. फूटपाथकडचं चाक त्याने मोजलं. एकेचाळीस. दुसरं चाक रस्त्याच्या बाजूला होतं आणि ट्रक अगदी घासून जात होते. त्यात भरती गाठायची घाई. केतनने त्या बाजूला एकदा नुसती मान वळवली आणि तो परत येऊन बसला.

"दोनी बगतलीस ना रं?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा. एक एकेचाळीस, दुसरं बेचाळीस. टेन्शन नको घेऊ."

"गन बोलली ना? मंग चल."

मित्रांनो, बेचाळीस हा आकडा मी सांगितलाच नव्हता! मी केतनच्याच मुठीत होते. जीव तुटत होता, पण माझा घोडा कोणी दाबला नाही.

जेट्टी जवळ आली होती. मागून करकर असा आवाज आला आणि मोठा हिसका बसला. उजवं चाक निखळून गटारात गेलं. ट्रेलर कलंडला आणि होडी दुभाजकावर आपटून तळापासून फाटली. नशीब, माणूस कोणी खाली सापडलं नाही.

बाबा दाराला धरून कसेबसे उतरले. फाटलेल्या जागेवरून त्यांनी हात फिरवला. मग मला उचललं.

"बेचालीस बोलली व्हती ही," ते हळूच म्हणाले. "खोटारडी निंगाली."

केतन तिथेच उभा होता. ढसाढसा रडत होता. पण दुसरं चाक मोजलंच नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही.

होडी दुरुस्त झाली नाही. बाबा आता खाडीकडे फिरकत नाहीत. गोजराआई दुसऱ्यांची मासळी विकत आणून विकते. केतनला दिघ्यात नोकरी लागली. मी कपाटाच्या खालच्या खणात पडून आहे. माझ्या बॅटरीला पाणी सुटलं आहे.

परवा शेजारचा रूपेश आपल्या ट्रेलरसाठी मला मागायला आला. बाबा त्याला म्हणाले, "नको नेऊस. ती खोटं बोलते. तू आपला हातानंच बग."

केतन जेवत होता. त्याने मान आणखी खाली घातली. रूपेश रिकाम्या हाताने गेला. आता तोही हात भाजून घेईल, नाहीतर चाक घालवेल.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल, अडगळीत टाकलं तरीही चालेल. फक्त जे मला विचारलं नाही, ते माझ्या नावावर सांगू नका. आणि तुमच्यापैकी कोणाला कधी केतन भेटला, तर त्याला एवढं सांगा: बाबा अजून आहेत, तोवर खरं काय ते बोलून टाक.