रविवारचा भाग

“ओर्या, ऐकतोयस ना? आत्ताच सांगून ठेवतो, ही नकाशेवाली बाई काहीतरी लपवतेय!” कबदेशने टीव्हीवरचं चित्र मध्येच थांबवलं होतं आणि मोबाईल तोंडाशी धरून तो धाकट्या भावाला निरोप पाठवत होता. “बघ बघ, कॅप्टनच्या नजरेला नजर देत नाहीये. मी गेल्या भागातच म्हटलं होतं का नाही?”

स्वयंपाकघरात त्याच्या बायकोच्या, बालजानच्या, हातातली सुरी थांबली. ज्याला हा निरोप चालला होता तो ओरिनबेक पहाटे तेलविहिरीच्या वाटेवर, बर्फात गाडी उलटून जागीच गेला होता.

दोघा भावांचं हे वेड जुनं. कबदेश शहरभर गरम पाण्याचे पाइप दुरुस्त करत हिंडणारा, पन्नाशी उलटलेला माणूस. पण रविवारी ‘दूरचं तारू’ या अंतराळ-मालिकेचा नवा भाग आला की त्याचा शाळकरी पोरगा व्हायचा. ओरिनबेक पार पश्चिमेला, तेलाच्या छावणीत. दोघं आपापल्या जागी तोच भाग बघायचे आणि मग निरोपांतून एकमेकांशी कडाकडा भांडायचे. छावणीत रेंजचा भरवसा नव्हता. उत्तर संध्याकाळी आलं तरी कबदेशला त्यात काही वावगं वाटत नसे.

सकाळी झेकसेनकाकांचा फोन आला तो बालजानच्या मोबाईलवर. “सूनबाई, रडू नकोस, आधी ऐक. त्याला इतक्यात कळू देऊ नकोस. दुपारच्या नमाजानंतर आम्ही म्हातारे मिळून येतो आणि रीतीनं सांगतो. तोवर त्याला घराबाहेर सोडू नकोस. एकट्या बाईनं सांगायची गोष्ट नव्हे ही.” मरणाची बातमी अशी अंगावर फेकायची नसते. वडीलधारे येतात, आडवळणानं बोलतात, कोसळणाऱ्याला धरायला चार हात जवळ असतात. तिचे वडील गेले तेव्हा तिलाही असंच सांगितलं होतं. रीत वाईट नव्हती. फक्त दुपार फार लांब होती.

म्हणून तिनेच त्याला टीव्हीपुढे बसवलं. एरवी “तुम्ही खुशाल आभाळात फिरा, इथे मोरीचा नळ गळतोय” म्हणणारी बायको आज “भाग आलाय ना? बघा की,” म्हणाली, तेव्हा कबदेशने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायचं नाटकही केलं होतं.

आता तो चहाचा पेला घेऊन स्वयंपाकघरात डोकावला. “एवढं मटण कशाला?”

“काका येतायत.”

“काका येतायत की पलटण येतेय?” तो हसला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, “आणि रडतेस कशाला? मटण एवढंही महाग नाही झालं.”

“कांदा झोंबतोय,” ती म्हणाली.

तो हसत हसत परत गेला. सासरच्या पुरुषांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, म्हणून लग्न होऊन आली तेव्हाच तिने त्या शेंबड्या दिराचं नाव ‘कुरळ्या’ ठेवलं होतं. त्याचे शाळेचे सदरे तिने धुतले होते, परीक्षेच्या दिवशी त्याच्या खिशात सुका मेवा भरला होता. त्याच्यासाठी तिला मोकळेपणाने रडताही येत नव्हतं. कांदा चिरून संपला, तरी तिने आणखी दोन घेतले.

बाहेर टीव्हीवर तारू एका वादळी ग्रहावर उतरत होतं. आणि मग उलगडलं ते असं: कॅप्टनचं गाव बायकोमुलांसकट जळून गेल्याचा संदेश नकाशेवालीला सकाळीच मिळाला होता. सुकाणू धरणारे त्याचे हात थरथरू नयेत म्हणून तिने तो दाबून ठेवला. त्याला सूप वाढलं, त्याच्या विनोदांवर मान डोलावली. तारू जमिनीला टेकलं आणि मगच तिने तोंड उघडलं.

कबदेश ताडकन उभाच राहिला. “बाई आहे की दगड! ओर्या, बघितलंस? दिवसभर माहीत होतं हिला! तो बिचारा खिदळतोय आणि ही बघत बसलीये!”

बालजान ॲप्रनला हात पुसत दारात आली. “मग काय करायचं होतं तिने? तारू पडलं असतं की.”

“पडलं असतं तर पडलं असतं! माणूस त्याचा, दुःख त्याचं. ते हिने स्वतःपाशी का ठेवून घ्यावं?” त्याचा आवाज एकदम खाली आला. “हसला गं तो, बालजान. घरची राख झाली होती आणि तो हसत होता. ते कसं विसरेल तो?”

“अहो,” ती म्हणाली. सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं. रीत गेली खड्ड्यात, असंही वाटून गेलं. “अहो, जरा बसा, मला...”

दारावरची घंटा वाजली.

म्हातारे एकामागून एक आत आले. कुणीच तब्येत विचारली नाही. झेकसेनकाका बैठकीवर टेकले, काठी बाजूला ठेवली आणि सुरू झाले, “कबदेश, बाळा, यंदाची थंडी वाईट. कळपातलं चांगलं उमदं शिंगरू, वादळात वाट चुकलं...”

कबदेशने एकेक चेहरा बघितला. मग बायकोचे सुजलेले डोळे बघितले. काकांचं वाक्य संपायच्या आत तो ओरडला. म्हाताऱ्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं. तेवढ्यासाठीच तर ते आले होते.

आवेग ओसरल्यावर त्याने तिला जवळ बोलावलं. “कधी कळलं तुला?”

“सकाळी.”

“भाग बघायच्या आधी?”

“आधी.”

त्याने मान हलवली. निघताना झेकसेनकाका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “सूनबाई, छान निभावलंस.” त्या कौतुकाने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दफन झालं, चाळिसाव्या दिवसाचं जेवणही झालं. कबदेश कामावर जाऊ लागला. तो तिला कधी टाकून बोलला नाही, जेवणाला त्याने नावं ठेवली नाहीत. ‘दूरचं तारू’ पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याने ते लावलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही. भांडला असता तर बरं, असं तिला पुष्कळदा वाटे. भांडणाला उत्तर तरी देता येतं.

वसंतातल्या एका संध्याकाळी ती म्हणाली, “तुमच्या बहिणीचा, रबीगाचा फोन आला होता. सगळे मजेत आहेत म्हणाली.”

“बरं,” कबदेश म्हणाला. चहा संपवून तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार हलकेच ओढून घेतलं. दाराआडून त्याचा दबका आवाज तिला ऐकू आला, “रबीगा? मी बोलतोय. खरं सांग, सगळे बरे आहात ना?”