शंभू कुणापुढं थांबतो

हुर्रर्र! हल्या! हुर्रर्र!

ग्रामपंचायतीपुढच्या मैदानात अख्खा गाव ओरडत होता. हलगी, शिट्ट्या, वर धरलेले मोबाईल. शर्यतीतून निवृत्त झालेला पांढराशुभ्र बैल शंभू ओळीत बसलेल्या बायकांपुढून चालला होता. मागं सैल कासरा धरून त्याचा मालक विजयसिंह.

पहिली बाई गेली. हुर्रर्र!

दुसरी गेली. हुर्रर्र!

तिसरी.

&nbsp;

&nbsp;

थांबला.

(वरची रिकामी जागा छपाईची चूक नाही. तिथं गर्दी गप्प झाली होती.)

तिसरी बाई म्हणजे बाळाबाई. विधवा, एकटी, दारात एक म्हैस. दिवाळीपासून गावात म्हशी गाभडत होत्या, दिवस भरायच्या आतच रेडकं पडत होती. बाळाबाईची तेवढी सुखरूप व्याली. करणी तिनंच केली, याला एवढा एक पुरावा होता. बाकीचा पुरावा आता बैलानं दिला.

विजयसिंहानं शंभूच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि माईक हातात घेतला.

"मी काय बोलत न्हाय. मी अडाणी माणूस. ह्येच्या डोळ्यात एक्स-रे हाय, एक्स-रे! काळजातला काळा डाग दिसतोय ह्येला. आवो, माझी आई बसवलीया म्या वळीत. न्याय म्हंजे न्याय! ज्येनी चॅनेल सबस्क्राईब केलं न्हाय, त्येंच्यावर शंभू रागावलाय असं न्हाय. पर करून टाका."

पंचांनी निकाल तिथंच सांगितला. बाळाबाईचं दूध डेअरीत घ्यायचं नाही. अमावास्येच्या आत तिनं गाव सोडायचं.

बाळाबाईनं पदर सारखा केला.

"विजयदादा, परत फिरवा की बैल." गर्दीच्या कडेनं आवाज आला. बाळाबाईच्या बहिणीची मुलगी अनुजा. कोल्हापुरात कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. मघापासून ती बैलाकडं बघतच नव्हती, गर्दीकडं बघत होती.

"का? तुमी रेफरी हाय व्हय?"

हशा.

"परत मावशीपुढंच थांबला तर तिला आत्ता गाडीत घालून नेते. सगळ्यांच्या मोबाईलसमोर सांगते."

मोबाईल विजयसिंहाकडं वळले. स्वतःच्याच प्रेक्षकांना नाही कसं म्हणणार?

बायकांना शाळेच्या खोलीत नेलं. अनुजानं प्रत्येकीवर डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी घातली, क्रम बदलला आणि बाहेर आणून बसवलं. आता कोण कुठं हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

हुर्रर्र! हुर्रर्र! हुर्रर्र! गप्प कुठं व्हायचं ते गर्दीला कळेना. शंभू सगळ्या घोंगड्या ओलांडून गेला आणि मांडवाच्या खांबाचं आंब्याच्या पानांचं तोरण खायला लागला.

"घोंगडीतनं एक्स-रे जात न्हाय," विजयसिंह म्हणाला.

"मघाशी काळजातनं जात हुता की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"काळीज पातळ असतंय वो. घोंगडी जाड."

"मग शेवटचं एकदा," अनुजा म्हणाली. बायका पुन्हा आत गेल्या, पुन्हा क्रम बदलून बाहेर आल्या. या वेळी मात्र ती गर्दीत शिरून बाळाबाईच्या जावेजवळ, चिमणाबाईजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "मावशी चौथ्या घोंगडीत आहे. कुणाला सांगू नका."

बैल निघेपर्यंत ते सगळ्या मैदानाला कळलं होतं.

हुर्रर्र! हुर्रर्र! हुर्रर्र!

चौथी.

&nbsp;

&nbsp;

थांबला.

अनुजानं घोंगडी ओढली. आत आक्काताई, विजयसिंहाची आई.

"शर्यतीत वाढलाय हा," अनुजा म्हणाली. माईक कुणी दिला नाही, तरी ऐकू जात होतं. "गर्दी ओरडली की पळायचं. गप्प झाली की शर्यत संपली, थांबायचं. थांबलं की गूळ. ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते पक्कं होतं. बैलाचं तसंच, माणसाचंही तसंच. शंभूला गूळ मिळतो. दादांना व्ह्यूज मिळतात. आणि तुम्हाला धरायला एक बाई मिळते. बैलाला करणी कळत नाही. तुम्ही जिच्यापुढं श्वास धरता, तिच्यापुढं तो उभा राहतो. निकाल तुमचा आहे. बैल फक्त तो वाचून दाखवतो."

विजयसिंहाच्या मुठीत गूळ चिकट झाला होता. "आई, तसं न्हाय गं..."

आक्काताई बसल्या जागेवरून म्हणाली, "दे की गूळ त्येला. थांबलाय बिचारा."

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण गर्दीतून कुणीतरी, अगदी साध्या आवाजात, विचारलं:

"म्हंजे आक्काताई बी त्यातलीच व्हय?"

कुणी हसलं नाही. आक्काताईच्या शेजारी बसलेली बाई जरा सरकून बसली.

जनावरांच्या डॉक्टरनं म्हशींचं रक्त तपासायला पाठवलं. संसर्गानं पसरणारा गर्भपाताचा रोग निघाला. बाजारातून आणलेल्या एखाद्या म्हशीबरोबर आला असावा, असं डॉक्टर म्हणाला. सगळ्या म्हशी एकाच हौदावर पाणी पीत होत्या, एकमेकींना लागून चरत होत्या. बाळाबाईची म्हैस तिच्याच दारात बांधलेली असायची, म्हणून वाचली. तिचा गुन्हा एवढाच.

डेअरीचा सेक्रेटरी तिच्या दारात आला. "मावशी, उद्यापासनं दूध आणा."

"म्हैस इकली."

"का वो? आता कोण काय म्हणतंय तुमास्नी?"

"कोण न्हाय." बाळाबाई भांडी पोत्यात भरत होती. "बैलावर माझा राग न्हाय. पर त्यो माझ्याम्होरं आला तवा चिमणाबाईनं बी श्वास धरला. एका चुलीवर रांधलंय आम्ही. तिचा श्वास डोळं झाकून वळखीन मी."

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं चंदगडला लेकीकडं गेली. निर्दोष ठरलेल्या बाईच्या घराला कुलूप आहे. शंभू अजून आहे. गेल्याच आठवड्यात दुसऱ्या तालुक्यातून त्याला सुपारी आली.

तो तुमच्या गावात आला तर एवढं करा. चमत्कार तपासायला पदवी लागत नाही. उत्तर आधीपासून कुणाकुणाला ठाऊक आहे ते बघा. त्यांच्यापासून ते लपवा. मग तोच प्रश्न पुन्हा विचारा. बैल असो, बाबा असो, भविष्य सांगणारा लोलक असो, उत्तर बदललं तर ज्ञान त्याच्यात नव्हतं, तुमच्यात होतं. आणि म्हैस आजारी असेल तर रक्त म्हशीचं तपासा.

पण हे सगळं बाई ओळीत बसायच्या आधी करा. नंतर केलं की फक्त बैलाचं खोटं बाहेर पडतं.