तीन बायकांच्या केसांचा टोप

मित्रांनो, मी एक जुना केसांचा टोप आहे, दोन लांब काळ्या वेण्यांचा. माझ्यात तीन अनोळखी बायकांचे केस आहेत. त्यामुळे माझे विचारही जरा गुंतलेले असतात, सांभाळून घ्या.

जन्माचे मला थोडेच आठवते. कुठल्याशा गरम देशात दगडी पायऱ्या होत्या, ओल्या डोक्यावर वस्तरा फिरत होता आणि एक बाई नवस फेडताना रडत होती. का रडत होती, ते कळण्याआधीच मी पोत्यात गेलो. पुढे समुद्रापलीकडे कोणीतरी एकेक केस जाळीला गाठून मला घडवले आणि कॅनडातल्या बर्फात एका शूटिंगवर धाडून दिले.

तिथे मला ऑर्व्हिल रेड केटल भेटला. अमेरिकेतल्या पाइन रिजचा, लाकोटा या आदिवासी जमातीचा माणूस. वीस वर्षे तो सिनेमांत घोड्यावरून पडून मरत आला होता. या सिनेमात पहिल्यांदाच त्याला शेवटपर्यंत जगायचे होते. काम अर्ध्यावर आले आणि जानेवारीत घरी त्याची आई गेली. हिमवादळाने रस्ते बंद. मातीलाही जाता आले नाही. त्याने स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि आपल्या दोन्ही वेण्या कापून टाकल्या. जवळचे माणूस गेले की त्यांच्यात असेच करतात.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "अरे, कालच्या सीनमध्ये वेण्या आणि आज हे काय!" म्हणून मला बोलावले गेले.

ऑर्व्हिल मला सकाळी चढवायचा आणि काम संपताच उतरवायचा. आरशात मात्र बघायचा नाही. सगळे म्हणायचे, "अगदी खरे वाटतात!" मी फुशारून जायचो. टोपाला याहून मोठी शाबासकी कोणती? शूटिंग संपल्यावर ऑर्व्हिलने मला ट्रकच्या सीटमागे टाकले. तिथे मी धूळ खात पडलो, आणि माझे काय चुकले ते मला कळेना.

वर्ष झाले. आईच्या नावाचे जेवण शाळेच्या हॉलमध्ये ठरले होते. आदल्या दुपारी तिथेच तो सिनेमा दाखवला. बाहेर आलेले लोक ऑर्व्हिलला टाळून पुढे गेले. ट्रकपाशी वर्डेलमावशीने, त्याच्या आईच्या धाकट्या बहिणीने, त्याला गाठले.

"माझी बहीण जानेवारीत गेली. ते बर्फातलं शूटिंग फेब्रुवारीतलं, तूच फोनवर म्हणाला होतास. आणि डोक्यावर वेण्या तशाच! म्हणजे शूटिंग संपल्यावरच कापल्यास. आधी कॅमेरा, मग आई, होय ना?"

"मावशी, ऐक तरी..."

"सगळं बघितलं मी. उद्या तिचं ताट तू बाहेर ठेवायचं नाहीस."

मी पार गोंधळलो. मी इतका खरा दिसलो, हाच त्याचा गुन्हा? गेलेल्या माणसाचे ताट मुलाने ठेवायचे नाही, तर कोणी?

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिलने मला हॉलमध्ये नेले आणि रश्श्याचे पातेले व फ्राय ब्रेडची, म्हणजे तळलेल्या रोट्यांची, परात यांच्यामध्ये ठेवले. जेवायला आलेले लेरॉयकाका ओरडले, "अरे, गाडीखाली आलेलं साळिंदर जेवणात कशाला आणलंस?"

सगळा हॉल हसला. मावशी हसली नाही. तिने मला उलटे केले, आतली जाळी पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. "गाढवा, कालच का नाही सांगितलंस?"

"तू बोलू कुठे दिलंस?"

तिने माझ्यावरून हात फिरवला. "केस खरे आहेत रे. कोणाचे?"

"काय माहीत. तीन बायकांचे आहेत, एवढंच शूटिंगवर सांगितलं होतं."

"मग कोणासाठी कापले असतील?"

मित्रांनो, ते मलाही सांगता आले नसते.

मावशीने ताट वाढले आणि ऑर्व्हिलच्या हातात दिले. तो दाराकडे वळला तशी म्हणाली, "थांब." तिने आणखी तीन फ्राय ब्रेड ताटात ठेवले. "हे त्या बायांचे. ज्या कोणी असतील त्यांचे."

आता ऑर्व्हिल पुन्हा वाढलेल्या आपल्याच वेण्यांनी नवे सिनेमे करतो. मी मावशीच्या पेटीत लाल कापडात असतो. दर वर्षी बहिणीचे ताट ठेवायच्या दिवशी ती मला हलक्या हाताने विंचरते. पण ती बाई का रडत होती, नवस फळला होता की कोणी गेले होते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

मित्रांनो, तुम्ही त्या गरम देशातले असाल आणि दगडी पायऱ्यांवर नुकतेच केस दिलेली एखादी बाई दिसली, तर तिच्याशी जरा मायेने बोला. तिला सांगा, इथे दर वर्षी तिच्या वाटणीचे ताटात वाढतात.