कोपराच्या पलीकडे

मी डीव्हीडी बोलतेय, आणि तीही काळ्या पट्ट्यांची. हो, तीच. मला लावल्याबरोबर घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "टीव्ही बिघडला की काय?"

टीव्ही अगदी ठणठणीत असतो हो! पण ऐकून कोण घेतं?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. गरम प्लॅस्टिकची चकती, तिच्यावर चांदीसारखा मुलामा, आणि वर चित्रपटाचं नाव. आम्ही जुळ्या बहिणी होतो. आमचा चित्रपट एकच, वेष्टनावरचं चित्रही एकच: झुंबराखाली बसलेले नायक-नायिका. फरक होता तो तळाच्या बारीक अक्षरांत. तिच्यावर लिहिलं होतं फुलस्क्रीन आणि माझ्यावर वाइडस्क्रीन.

चित्रपटगृहाचा पडदा लांबरुंद, आणि त्या काळचे टीव्ही जवळजवळ चौकोनी. लांबट चित्र त्यात बसवायचं कसं? माझ्या बहिणीने सोपा मार्ग धरला. तिने डावी-उजवी बाजू छाटून टाकली आणि टीव्ही गच्च भरला. मी सगळं चित्र राखलं, त्यासाठी ते थोडं लहान केलं आणि वर-खाली उरलेली जागा काळी सोडली. या प्रामाणिकपणाचं फळ मला लगेच मिळालं. ती हातोहात खपायची आणि मी फळीवर धूळ खायचे.

दुकान लहानसंच होतं, लाँड्री आणि चष्मेवाल्याच्या मधोमध. दुकानवाल्या ताई बोलायला मोकळ्या, पण एकच गोष्ट दहा जणांना सांगून त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. मला दोनदा गिऱ्हाईक मिळालं आणि दोनदा मी परत आले. पहिले गृहस्थ तावातावाने म्हणाले, "ताई, एवढा मोठा टीव्ही घेतला मी. त्याचा वरचा-खालचा भाग तुम्ही ठेवून घेतलात की काय?" दुसऱ्यांना वेगळाच संशय. पट्ट्यांखाली काहीतरी बघण्यासारखं मुद्दाम झाकून ठेवलंय, असं त्यांचं ठाम मत होतं. माणसांना समोर दिसतं त्यापेक्षा लपवलेल्याची ओढ फार.

मग एके दिवशी सकाळी एक जोडपं दुकानात आलं. काका ताठ, केस पांढरे, शर्टाची कॉलर कडक. काकू ठेंगण्या, आणि जिभेला धार.

"त्या हॉटेलच्या पिक्चरची डीव्हीडी आहे का हो?" काकांनी विचारलं. "मी आहे त्यात."

ताईंनी चमकून पाहिलं. काकू हसल्या. "अहो, हे म्हणजे ह्यांचं कोपर! आमच्या गल्लीत ह्यांना कोपरकाकाच म्हणतात."

मग सगळी कथा बाहेर आली. काका जन्मभर एका मोठ्या हॉटेलात वेटर होते. तरुणपणी तिथे या चित्रपटाचं शूटिंग झालं. काकांची ट्रे धरायची ऐट दिग्दर्शकाला आवडली आणि त्याने त्यांना नायकाच्या मागून चालत जायला सांगितलं. पण चित्रपट गावात लागला तेव्हा काका कावीळ होऊन अंथरुणात. ते उठेपर्यंत थिएटरवर दुसरं पोस्टर चढलेलं. पुढे टीव्हीवर तो चित्रपट अनेकदा लागला, आणि दर वेळी पडद्याच्या डाव्या कडेला दिसायचा एक ट्रे आणि एक कोपर. बस्स! परवा तर नव्या जावयानेही विचारलं होतं, "पण बाबा, हे तुमचंच कोपर कशावरून?"

"तोंड आहे माझं त्यात," काका म्हणाले. "मी कॅमेऱ्यासमोरून चाललोय. एकदा दिसू दे, मग कोणी काही म्हणणार नाही."

ताईंनी आम्हां दोघी बहिणींना काउंटरवर ठेवलं. "काका, लांबट टेबलाचा कपडा चौकोनी टेबलावर घालायचाय. काय कराल?"

"दुमडू," काका म्हणाले. "कापायचा कशाला?"

"हिने कापलाय." त्यांनी बहिणीकडे बोट केलं. "आणि हिने राखलाय."

काकांनी मला उचललं. काकूंनी ताबडतोब बहिणीला उचललं. "पट्ट्यांची नको बाई. अर्ध्या टीव्हीचं काय करायचं, त्यावर दूध तापवायचं?"

"अगं, हिच्यात मी नाही!"

"तुम्ही रोज दिसताच की घरात," काकू म्हणाल्या. "लग्नाआधीही तेच. ताई, मी त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायला होते. हे सारखे दारात घिरट्या घालायचे. मी एकदा म्हणून मान वर केली नाही. शेवटी कीव आली आणि हो म्हटलं."

ताई खळखळून हसल्या. काकाही हसले, पण त्यांचा अंगठा माझ्या वेष्टनावर उगाच घासत राहिला. ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर चारचौघांत ऐकली असणार. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही आणि मला घेऊनच निघाले.

त्याच संध्याकाळी दिवाणखान्यात सगळे जमले: लेक, जावई, शेजारचे दोघे. काकांनी दाढी केली होती. मी प्लेअरमध्ये शिरले, फिरू लागले, आणि पडद्यावर माझ्या बदनाम पट्ट्या उमटल्या.

"बघा, सांगितलं नव्हतं?" काकूंनी रिमोट घेतला आणि कुठलंसं बटण दाबलं. "हे घ्या. केलं दुरुस्त."

त्यांनी झूमचं बटण दाबलं होतं! चित्र फुगलं, पट्ट्या गेल्या, सगळे खूश. मी आतून जीव तोडून ओरडत होते की अहो, मी दिलेलं सगळं बाहेर सांडतंय! पण आम्हां डीव्हीड्यांना आवाज असतो तो चित्रपटाचाच.

झुंबर आलं. नायक-नायिका बसली. डाव्या कडेने आला एक ट्रे, मागोमाग एक कोपर, आणि तेवढ्यात दृश्य बदललं.

खोलीत हशा पिकला. काका हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "माझीच काहीतरी चूक होत असेल. इतकी वर्षं झाली." मग पाणी प्यायला म्हणून उठले. घरात कोणाला कळलं नाही, पण त्या क्षणी काकांनी स्वतःवरचाच विश्वास सोडला होता.

लेक मात्र पडद्याकडे टक लावून होती. "आई, उजवीकडे नायिकेचा अर्धा खांदा कुठे गेला गं? थांब जरा. तू मघाशी काय दाबलंस?"

तिने तेच बटण पुन्हा दाबलं. पट्ट्या परतल्या. तिने दृश्य मागे नेलं आणि हाक मारली, "बाबा, पाणी राहू दे. आधी इकडे या!"

आला ट्रे. आलं कोपर. कोपरामागून दंड, खांदा, आणि मग तो चेहरा! काळेभोर केस, मिशीची बारीक रेघ, राजाच्या थाटात चाललेला एक तरणाबांड वेटर. लेकीने चित्र थांबवलं. जावई उभाच राहिला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. "काका, मानलं तुम्हाला!"

काकांचं लक्षच नव्हतं. ज्या चेहऱ्यासाठी एवढा आटापिटा केला, तो त्यांनी पाहिलाही नाही. ते टीव्हीजवळ गेले, वाकले आणि पडद्याच्या अगदी डाव्या टोकाला बोट ठेवलं.

तिथे स्वयंपाकघराचं दार होतं, किलकिलं. दारात एक ठेंगणी मुलगी उभी होती. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात अर्धवट चिरलेला कोबी. शूटिंग, झुंबर, नायक, कशाचीच तिला शुद्ध नव्हती. ती त्या वेटरकडे बघत होती. मी इतकी वर्षं ते दृश्य पोटात बाळगून आहे. नायिकेनेही नायकाकडे तसं पाहिलेलं नाही.

"आई!" लेक किंचाळली. "एकदाही मान वर केली नाहीस ना?"

काकूंचे कान लाल झाले. "मी ट्रेकडे बघत होते. पडला असता तर काचा मलाच झाडाव्या लागल्या असत्या."

"ट्रे पुढे आहे, सासूबाई," जावई म्हणाला. "तुम्ही चेहऱ्याकडे बघताय."

काका काकूंकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"अगं," ते म्हणाले, "ही कीव नाही गं."

 काकूंच्या जिभेची धार कुठे गेली कोण जाणे. त्या उठल्या आणि काकांसाठी पाण्याचा पेला घेऊन आल्या.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. प्लेअर कधीच बंद पडला आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. टीव्ही आता पातळ आणि लांबट असतात. म्हणजे शेवटी सगळं जग माझ्याच मापाचं झालं, पण मला लावायचं यंत्रच घरात उरलं नाही. तक्रार नाही. लेक जुन्या सीड्या कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगते. मला मात्र काकूंनी कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी जागा दिलीय. एवढीच विनंती करते: कुठल्या जुन्या दुकानात माझ्यासारखी पट्ट्यांची कोणी दिसली, तर तिला नावं ठेवू नका. कडेला कोण उभं असेल, सांगता येत नाही.

शेवटचं घराबाहेर पडले ते काकूंच्या पर्समधून, फोटोच्या दुकानात. त्यांना ते दृश्य भिंतीवर लावायचं होतं. फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर चित्र काढलं आणि म्हणाला, "मावशी, हे फार लांबट होतंय. बाजूचं ते दार आणि तो वेटर कापतो. हिरो-हिरॉइन मधोमध छान येतील."

काकूंनी चष्मा सावरला.

"हिरो-हिरॉइन कापा," त्या म्हणाल्या.

जन्मभर काटछाटीच्या विरोधात उभी राहिलेली मी, त्या दिवशी मात्र मुकाट्याने गप्प बसले.